मी कापायला लावलेला सीन

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला, अभयलाही ठाऊक नाही. धाकट्या बहिणीला नाही, आणि जिच्यापाशी मी वाढत्या वजनापासून सासूबाईंपर्यंत सगळं ओकून मोकळी होते त्या मैत्रिणीलाही नाही. दोन-तीनदा ओठांवर आली होती. एकदा तर गाडीत, फ्रीवेवर सगळं ठप्प झालेलं, शेजारी अभय, हातात रिकामा वेळच वेळ — आणि मी काय केलं? रेडिओचा आवाज वाढवला. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगते आहे.

सुरुवात सिनेमापासून करते. नाटक-सिनेमाबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही. पुढे अडखळेल.

सिनेमाचं नाव 'लॉट सत्तेचाळीस'. काढला संदेशने. संदेश आमच्या मराठी मंडळातला, घरं बांधणाऱ्या एका कंपनीत साइट सुपरवायझर. आम्ही राहतो ते टार्निट म्हणजे मेलबर्नच्या कडेला रोज थोडं थोडं वाढणारं गाव. एका बाजूला आमची घरं संपतात आणि लगेच पुढच्या घरांचे लाकडी सांगाडे सुरू होतात, वाऱ्यात करकरत उभे. संदेशचा सगळा दिवस त्या सांगाड्यांत जातो. लहानपणापासून त्याला भीतीच्या सिनेमांचं वेड. एकामागून एक खून होतात, शेवटी एक मुलगी उरते, तसले. ते इथे, आपल्या माणसांना घेऊन, मराठीत करायचं असं त्याच्या डोक्यात बसलं. पैसे जवळजवळ नव्हतेच. होती ती वर्षाची रजा, एक उसना कॅमेरा आणि मंडळातली हौशी माणसं.

गोष्ट साधी. रुचा नावाच्या मुलीचं घर लॉट सत्तेचाळीसवर, म्हणजे सत्तेचाळीस नंबरच्या प्लॉटवर, बांधून होतं आहे. कामावरून येताना ती रोज ते बघायला थांबते. मग तिथली माणसं एकेक करून मरायला लागतात — आधी फरशीवाला, मग शेजारीण, मग रुचाचा मित्र. आणि खुनी कसा? पिवळं चमकदार जॅकेट, हेल्मेट, धुळीचा मास्क. बस. असा माणूस आमच्या एस्टेटमध्ये कुणाच्याही अंगणात शिरला तरी कोणी मान वर करून बघत नाही. उलट 'हाउ यू गोइंग, मेट' म्हणून वाट देतात. हे संदेशलाच सुचू शकतं. मी जन्मात सुचवलं नसतं.

दोष म्हणाल तर पोतंभर होते. आवाज म्हणजे नुसता वारा. रक्त केलं होतं गुळाचा पाक आणि बीट घालून; उन्हात ते घट्ट व्हायचं आणि कपड्यावरून ओघळायचंच नाही, चिकटून बसायचं. शेजारणीच्या प्रेताने शॉट चालू असताना गालावरची माशी मारली होती आणि तो एकच बरा टेक असल्याने तो तसाच ठेवलेला. खुनी झाले होते मंडळाचे खजिनदार, म्हणजे पन्नाशी उलटलेले, गुडघे दुखणारे. पळत्या मुलीचा पाठलाग ते अशा बेताबेताने करत की ती मधेच थांबून त्यांना हात देईल असं वाटे. आणि शेवटी मास्क काढून त्यांनी परदेशातल्या एकटेपणावर केलेलं भाषण! इतकं छापील मराठी मी दहावीच्या निबंधातसुद्धा लिहिलं नव्हतं.

पण गुणही होते हो. आणि ते पैसे नव्हते म्हणूनच आले होते, हे मला तेव्हाही दिसत होतं. दिवे भाड्याने घेणं परवडेना, म्हणून सगळे खून भर दुपारी. वर ते इथलं निर्दय ऊन, डोळे चोळायला लावणारं. अंधारात भीती वाटली तर माणूस दिवा लावतो. दुपारी दोन वाजता भीती वाटली तर काय लावायचं? त्या गुळाच्या पाकावर खऱ्या माशा येऊन बसत आणि तो पाक आहे हे विसरायला होई. आणि घरं — सगळी एकसारखी. तोच दरवाजा, तीच राखाडी वीट, तेच करडं गवत. रुचा पळते तेव्हा ती कुठून कुठे पळते हेच कळत नाही, आणि तिलाही कळत नसावं असं वाटतं. हे कोणी ठरवून केलं असतं तर आपण त्याला शाबासकी दिली असती. संदेशकडून ते होऊन गेलं होतं, म्हणून मी ते त्याच्या नशिबाच्या खात्यात टाकलं.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी मेधा. पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धा केल्या, दोनदा दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, आणि त्या दोन बक्षिसांवर मी इतकी वर्षं परदेशात तज्ज्ञ म्हणून मिरवते आहे. इकडे आले ती अकाउंटिंग शिकायला, राहिले ती पगारपत्रकं करायला. पण मंडळात मी 'मेधाताई' — ज्यांना नाटकातलं कळतं त्या. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधली एक पद्धत मी इथे आणली होती. तालीम संपली की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि गुण-दोष काढायचे. आधी गुण, मग दोष. आणि ज्याचं काम आहे त्याने उलट बोलायचं नाही. मान खाली घालून ऐकायचं. 'पण' म्हटलं की माझं बोट वर जायचं आणि समोरचा गप्प. आमच्या मंडळात आजही लोक हसत हसत ते बोट करून दाखवतात. हा नियम लक्षात ठेवा.

संदेशने सिनेमा जुळवून झाल्यावर एका रविवारी दुपारी आम्हा पाच-सहा जणांना आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी बाहेर काढलेली, शटरवर चादर ताणलेली, खाली गाद्या, एका टेबलावर चहाचा थर्मास आणि चिवडा. मला मात्र खुर्ची. समोरची, मधली. संदेश दहादा येऊन विचारून गेला, 'ताई, नीट दिसतंय ना? सन येत नाही ना डोळ्यांवर?' मी म्हणाले, 'रिलॅक्स. मी खाणार नाहीये तुला.'

मागे भिंतीला टेकून वैशाली बसली होती. रुचाचं काम तिने केलं होतं. वैशाली इथे एका चाइल्डकेअरमध्ये नोकरी करते, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहते. तिने त्याआधी कधी अभिनय केला नव्हता. एकेकाळी ती आमच्यात ओळखली जायची ती शैलेशची बायको म्हणून. शैलेश म्हणजे आमच्या मंडळाचा हिरो — आवाज चांगला, दिसायला चांगला, प्रत्येक कार्यक्रमात निवेदन त्याचं. पुढे त्यांचा घटस्फोट झाला आणि तो पर्थला निघून गेला. का झाला, हे कोणी मोठ्याने बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

सिनेमा सुरू झाला. आम्ही हसत होतो, चिवडा खात होतो, खजिनदार स्वतःच्या पळण्यावर सगळ्यांत जास्त हसत होते. आणि मग मध्यावर तो सीन आला.

रुचा पळत एका घरापाशी येते. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. बेल वाजवते. दारावर थापा मारते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ, हलत नाही. संगीत नाही. त्या दिवशी वाराही पडलेला असावा, कारण पहिल्यांदाच सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. 'ताई, दार उघडा. मी आहे.' आत काही नाही. ती मागे रस्त्याकडे बघते. रिकामा रस्ता, ऊन. ती पुन्हा हात उचलते — आणि दाराच्या आतून कुकरची शिट्टी येते.

तिचा हात तसाच हवेत राहतो. आता तिला कळलेलं असतं. घरात माणूस आहे. कोणीतरी भाजी-भात लावून दाराच्या पलीकडे गप्प उभं आहे. ती पुन्हा थाप मारत नाही, ओरडत नाही, नुसती दाराकडे बघत उभी राहते. दुसरी शिट्टी होते. खूप वेळाने तिसरी. मग ती खाली वाकते, उरलेली चप्पलही काढते, हातात घेते आणि चालायला लागते. पळत नाही. चालते.

गॅरेजमध्ये चिवड्याचा आवाज थांबला होता. खजिनदार हलक्या आवाजात 'बाप रे' म्हणाले. त्या सगळ्या सिनेमात खुनी नसलेला तो एकच सीन, आणि तिथेच माणसं घाबरली होती. माझं म्हणाल तर, मी पुढचा सिनेमा पाहिलाच नाही. डोळे चादरीवर होते एवढंच.

संपल्यावर गोल करून बसलो. संदेशने नियमाप्रमाणे मान खाली घातली. पण सुरुवातीलाच, कौतुकाने, तो एक वाक्य बोलून गेला, 'तो डोअरवाला सीन आहे ना, त्यात माझं क्रेडिट नाही हां. स्क्रिप्टमध्ये दार फक्त उघडत नाही एवढंच होतं. कुकर ही वैशालीची आयडिया.'

मी वैशालीकडे पाहिलं नाही.

मग मी गुण सांगितले. उन्हाबद्दल बोलले, माशांबद्दल बोलले, पिवळ्या जॅकेटबद्दल तर भरभरून. संदेशचा चेहरा फुलत गेला. मग दोष — वारा, रक्त, शेवटचं भाषण. आणि सगळ्यात शेवटी, सहज आठवल्यासारखं, मी म्हणाले की तो दाराचा सीन काढून टाक. कुकरची शिट्टी ऐकून लोक फस्सकन हसतील, सगळा ताण जाईल. आणि मुळात तो पटत नाही. आपली माणसं अशी नसतात, म्हणाले मी. आपल्यात कोणी दारात आलं तर दार उघडतात.

संदेश 'पण ताई—' म्हणाला.

माझं बोट वर गेलं. सवयीने गेलं असं म्हणू का? नाही. मी ते मुद्दाम वर केलं. आणि तो गप्प झाला. नियम सगळ्यांना होता, म्हणजे वैशालीलाही होता. नंतर आत कप विसळताना मी तिच्या शेजारी उभी राहिले, काहीतरी बोलायचं म्हणून तिच्या कामाची तारीफ केली, तर ती नळाकडे बघत म्हणाली, 'सीन काढू दे, ताई. तुम्हाला जास्त कळतं.' तिच्या आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, टोमणा नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मी आजही त्या वाक्यात काहीबाही शोधते.

आता ते सांगायला हवं. मी केव्हाची त्याच्याभोवती फिरते आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

सिनेमाच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मंडळाचा गणपती जवळ आला होता, आणि त्यात माझी एकांकिका होती. मेलबर्नला आल्यापासूनची पहिली, स्वतः बसवलेली. बाहेरच्या मंडळांची माणसं बघायला येणार होती. प्रमुख काम शैलेशचं — एका हळव्या बापाचं. शेवटच्या प्रवेशात तो मुलीचे बूट पुसतो आणि रडतो, आणि खरंच रडायचा. प्रयोग शनिवारी होता. ही गोष्ट गुरुवार दुपारची. मी घरून काम करत होते, आणि संध्याकाळी तालमीला सगळे माझ्याकडे यायचे म्हणून पावभाजीचे बटाटे कुकरला लावले होते.

बेल वाजली. फोनवर दाराचा कॅमेरा उघडला. बाहेर वैशाली होती.

एका पायात चप्पल. एक हात कानावर दाबलेला. ओठ सुजलेला. ती सारखी मागे रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या मागे भर दुपारचं ऊन, कोणाच्या तरी गवतावर फिरणारं स्प्रिंकलर, सगळं कसं नेहमीसारखं. ती म्हणाली, 'ताई, मी वैशाली. ताई, उघडा ना.' फोनमधूनही ऐकू आलं आणि दारातूनही.

मी पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आमच्या दाराशेजारी उभी काच आहे, धुरकट. हलले असते तर सावली दिसली असती. म्हणून हलले नाही. श्वाससुद्धा बेताने. मनात काय होतं? भीती होती, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं — शैलेश येईल, दारात तमाशा होईल. पण तसं नव्हतं. मनात शनिवार होता. मी दार उघडलं तर तिला आत घ्यावं लागेल, आत घेतलं तर तिचं ऐकावं लागेल, ऐकलं तर काहीतरी करावं लागेल — पोलीस, निदान शैलेशला जाब. आणि मग शनिवारी माझा बाप कोण होणार? घरोघरी मातीच्या चुली, म्हणाले मी मनात. नवरा-बायकोचं भांडण आहे, उद्या गोड होतील. एक शनिवार जाऊ दे. रविवारी मी स्वतः तिच्याकडे जाईन. हे सगळं मी त्या भिंतीला टेकून अगदी शांतपणे ठरवलं.

आणि कुकरची शिट्टी झाली.

स्वयंपाकघर आमचं उघडंच आहे, पॅसेजच्या टोकाला. गॅस बंद करायला जायचं तर त्या काचेसमोरून जावं लागलं असतं. मी गेले नाही. फोनच्या पडद्यावर वैशालीचा हात हवेत थांबलेला दिसला. मग तिने तो खाली घेतला. ती दाराकडे बघत राहिली, म्हणजे कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्याकडे. दुसरी शिट्टी. मी फोन उलटा केला. तिसरी शिट्टी झाली तेव्हा मी डोळे मिटलेले होते, आणि उघडून फोन सुलटा केला तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं.

कोपऱ्यावरच्या घरातल्या, मूळच्या सामोआ बेटावरच्या आजींनी तिला आत घेतलं, हे पुढे कळलं. त्यांची तिची ओळखसुद्धा नव्हती. त्यांनी तिला बसवलं, ओठाला बर्फ लावला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मग ती घरी गेली, कारण त्या आजींना ती काय सांगणार होती, आणि कोणत्या शब्दांत?

संध्याकाळी शैलेश तालमीला आला. वेळेवर, हसत, पाव घेऊन. वैशालीला बरं नाहीये, म्हणाला. त्याच बटाट्यांची भाजी मी त्याला वाढली. त्याने दोनदा मागून घेतली. मग तालमीत बूट पुसताना तो रडला आणि मी, दिग्दर्शक, म्हणाले, 'वा. शनिवारी असंच हवं.'

शनिवारी असंच झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वैशाली तिसऱ्या रांगेत होती, ओठाला गडद लिपस्टिक. तीही उभी राहिली. आणि रविवारी मी तिच्याकडे गेले का? नाही गेले. प्रयोगाचा शीण होता, मग सोमवार आला. ती त्यानंतरही बराच काळ त्या घरात राहिली. मी दार उघडलं असतं तर तो काळ कमी झाला असता का? तिला वाटलं असतं का, की आपल्यातलं कोणीतरी आपल्या बाजूचं आहे? हे प्रश्न मी विचारते आणि मग भांडी घासायला घेते.

ती वेगळी झाली तेव्हा मात्र मी पुढे होते. डबे दिले, सामान हलवायला अभयची गाडी दिली, वकिलाचा नंबर मिळवून दिला. लोक म्हणत, मेधाताईंनी वैशालीला किती आधार दिला. मी ते ऐकून घ्यायचे. मनाला समजावलं होतं की तिला माहीत नाही. कुकर काय, चालू ठेवून माणूस बाथरूममध्ये असू शकतं, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असू शकतं. असू शकतं ना? मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं होतं की बाथरूमचं जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

आणि मग त्या गॅरेजमध्ये, चादरीवर, ती तीन शिट्ट्या ऐकत उभी राहिली.

तिला माहीत होतं. कायम माहीत होतं. माझे डबे खाताना माहीत होतं. तरी तिने माझं नाव कधी कोणाजवळ घेतलं नाही. आपल्याला जे झालं ते तिने एका गुळाच्या पाकाच्या सिनेमात, वारा पडलेला दिवस बघून, ठेवून दिलं. कदाचित माझ्यासाठीच ठेवलं असेल, म्हणजे मी ते पाहावं आणि काही बोलावं. कदाचित माझा त्यात काहीही संबंध नसेल, तिला फक्त एकदा ते बाहेर काढायचं असेल. आणि मी काय केलं, तर सगळ्यांसमोर, तिच्यासमोर म्हणाले, की असं कधी होतच नाही. तिने दुसऱ्यांदा दार वाजवलं होतं आणि मी दुसऱ्यांदा आतून गप्प राहिले. या वेळी तर वर तिलाही गप्प बसवलं.

संदेशने सीन काढला. त्याचा माझ्यावर विश्वास होता. काउन्सिलचा हॉल घेऊन त्याने शो केला, मंडळातले सगळे आले. मध्यावर रुचा रस्त्यावर पळताना दिसते आणि पुढच्याच शॉटमध्ये ती अनवाणी, एक चप्पल हातात घेऊन चालते आहे. कोणीतरी मागून ओरडलं, 'अरे, हिच्या चपलेला काय झालं?' सगळा हॉल हसला, आणि एकदा हसू फुटल्यावर ते शेवटपर्यंत थांबलं नाही. खजिनदारांच्या भाषणाला तर लोक हसून हसून डोळे पुसत होते. बाहेर पडताना जो तो संदेशच्या पाठीवर थाप मारत होता. मजा आली रे, म्हणत होते. फक्त भीती नाही वाटली. संदेशही हसत होता. त्याने तो एका छोट्या फेस्टिव्हलला पाठवला, तिथून नकार आला. त्याने कॅमेरा परत केला. अजून कुठे भेटला तर म्हणतो, 'ताई, नेक्स्ट टाइम तुम्हाला आधी स्क्रिप्टच दाखवतो.' पण नेक्स्ट टाइमची स्क्रिप्ट काही त्याने लिहिलेली नाही.

त्याच्याकडे चांगला सिनेमा होता. नव्हता, पण त्यात एक चांगला सीन होता, आणि एका सीनवर माणूस पुढचा सिनेमा काढतो. तेवढं मला नक्की कळत होतं. त्या गोलात बसलेल्यांपैकी ते फक्त मलाच कळत होतं.

गेल्या महिन्यात वैशाली माझ्याकडे आली होती. तिच्या सेंटरमधल्या मुलांच्या कार्यक्रमासाठी जुन्या साड्या हव्या होत्या. बेल वाजली, मी फोनवर तिला पाहिलं. त्याच पायरीवर. मी धावत जाऊन दार उघडलं, इतक्या घाईने की ती दचकली. चहा टाकला. गॅसवर दुसऱ्या बाजूला कुकर होता, डाळ-भाताचा. आम्ही साड्यांबद्दल बोलत होतो आणि शिट्टी झाली. ती बोलायची थांबली. मीही थांबले. आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसून राहिलो. दुसरी झाली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत — शपथेवर सांगते — वाईट काही नव्हतं. वाट बघत होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, चार-पाचच शब्दांचं. तिसरी झाली.

'गॅस बंद करा ना, ताई,' ती म्हणाली.

मी उठून गॅस बंद केला. आणि परत येऊन विचारलं, 'साखर किती घालू?'

ती साड्या घेऊन गेली. मी दारात उभी राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते.

ते वाक्य असं होतं. त्या दुपारी मी घरात होते. बाथरूममध्ये नव्हते, मागे अंगणात नव्हते. दाराच्या आत, दोन हातांवर, जागी आणि धडधाकट उभी होते. बाहेर कोण आहे ते मला दिसत होतं, आणि तिला काय हवंय तेही मला कळत होतं.